धूप आणि जाळी

सोसायटीचे अध्यक्ष त्र्यंबकराव उकिडवे यांनी दाराबाहेर डासांसाठी जाळीचा दरवाजा बसवला. तो उघडला की जिन्याची वाट अडे. समोरच्या मनोरमाबाईंचे यजमान अंथरुणाला खिळलेले.

"आग लागली तर यांना न्यायचे कसे?" बाईंनी विचारले.

अध्यक्ष हसले. "जाळीने डास अडतात, वहिनी, माणसे नव्हेत. तुम्हीही बसवा!"

बाईंनी तसाच दरवाजा बसवला.

तिन्हीसांजेला त्र्यंबकरावांना धुराचा वास आला. ते दाराकडे धावले. पण बाहेर बाईंचा दरवाजा उघडा होता, त्याला अडून त्यांची जाळी तसूभरही हलेना.

"आग! वहिनी, दार लावा हो!"

पलीकडे मनोरमाबाई धुपाटणे घेऊन उभ्या होत्या.

"भिऊ नका, भाऊजी. हा देवापुढचा धूप आहे. आग असती, तर तुमच्या हाकेसाठी थांबली नसती."

डास खिडकीच्या जाळीनेही अडतात, हे अध्यक्षांना दुसऱ्याच दिवशी उमगले.