दोनच फवारे

"हिला आपल्या घराचा वास कधी लागायचा गं?"

सासूबाईंनी हे विचारलं नणंदेला, स्वयंपाकघरात, हलक्या आवाजात. शलाका चहाचे रिकामे कप घेऊन दाराबाहेर उभी होती.

"कशाचा लागतोय," रेवती म्हणाली. "गाडीत बसली की लिचीची करंडी उलटल्यासारखं होतं."

शलाकाने कप तिथेच पायरीवर ठेवले आणि ती मागे फिरली.

लग्नाला तीन आठवडे झाले होते. रोज कुणा ना कुणाकडे जेवायचं बोलावणं, सगळ्या घरालाच. निघताना ती कानांमागे सेंटचा एकेक फवारा मारायची. लिची, पीच, तळाशी मोगरा. माहेरून आणलेलं बाकी सगळं आता दोघांचं झालं होतं. ही बाटली तेवढी तिची उरली होती.

गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की पुढच्या सीटवरून सासूबाई म्हणायच्या, "श्रीपाद, काच खाली घे."

तिचा नवरा काच खाली घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी ती दर्ग्याजवळच्या अत्तारचाचांच्या दुकानात गेली. चाचा सत्तरीचे. कानात अत्तराचा फाया, समोर काचेच्या कुप्यांची रांग.

"सौम्य काहीतरी द्या. घरच्यांना चालेल असं."

चाचांनी कुपीला हात लावला नाही.

"दुकानात कसला वास येतोय, बेटा?"

नाकाचा तिला अभिमान होता. "वाळा. ऊद. मोगरा... आणि त्या कोपऱ्यात केवडा सांडलाय कधीतरी."

"नाक चांगलंय. मला तर काही येत नाही."

"तुम्हाला? अत्तरवाल्याला?"

"पन्नास वर्षं बसतोय इथे."

"म्हणजे... त्रास होत नाही?"

"कशाचा?"

मग पर्समधून आपली बाटली काढून तिने त्यांच्यापुढे ठेवली. चाचांनी झाकण हुंगलं, डोळे मिटले.

"संध्याकाळी बाहेर पडायचा वास आहे हा. किती लावतेस?"

"दोन फवारे."

"दोनच लाव. रागावलीस म्हणून तिसरा नको. घाबरलीस म्हणून एक नको. आणि चुकवायचं नाही."

"किती दिवस?"

चाचांनी बाटली तिच्या हातात परत दिली, आणि दारात आलेल्या गिऱ्हाइकाकडे वळले.

त्या संध्याकाळी दोन फवारे. काच खाली.

दुसऱ्या संध्याकाळी काच खाली, शिवाय रेवतीने नाकाला रुमाल लावला. शलाकाचं बोट तिसऱ्या फवाऱ्यासाठी शिवशिवायचं. एकदा तर तिने बाटली कपाटात साड्यांखाली दडपली, जिन्यापर्यंत गेली, परत आली. दोन फवारे.

कोल्हापूरला आत्याबाईंकडे, काच खाली. सांगलीला दोनदा, काच खाली. तिच्या कानात वारा बसला, तिने पदर गुंडाळून घेतला. बाटली अर्ध्यावर आली.

मग एक दिवस गल्लीचं तोंड आलं आणि गेलं. काच वरच राहिली. श्रीपादने आरशातून मागे पाहिलं. शलाका बाहेर बघत होती.

त्या संध्याकाळी जेवण विमलमावशींकडे होतं. मावशींनी दारातच सासूबाईंना जवळ घेतलं.

"उषाताई, काय गोड वास येतोय हो तुम्हाला! मोगरा, का काही फळ?"

सासूबाईंनी पदर नाकाशी नेला. पुन्हा नेला.

"मला तर काही येत नाही."

रेवतीने आपली बाही हुंगून पाहिली. "मलाही नाही."

"ही लावायची आमची," सासूबाई म्हणाल्या आणि शलाकाच्या पाठीवरून हात फिरवला. "पण सोडलं हो हिने. सांगावं लागलं नाही. लागला शेवटी घराचा वास."

सगळे तिच्याकडे बघत होते. शलाकाने चपला काढल्या, सासूबाईंच्या चपलांशेजारी नीट लावल्या.

"लावलंय, आई. रोजच्याइतकंच."