मुक्या वीणेचं मोल

एका राज्यात नदी उभी राहिली होती. आटली नव्हती, नुसती उभी होती. मासे होते तिथेच थांबले, नावा अडकल्या, शेतं करपू लागली. त्या राज्यात राजवाड्यातली वीणा वाजली तरच नदी चाले, आणि वीणा मुकी झाली होती.

आता मुळात चूक कोणाची, तर राजाच्या आजोबांची. त्यांनी काळभद्र मांत्रिकाकडून ही वीणा दुरुस्त करून घेतली आणि काम झाल्यावर ठरल्याच्या निम्मं मोल हातावर टेकवलं. वर हसले! राजेलोकांना काटकसर सुचते ती नेमकी नको तिथे. काळभद्र म्हणाला, "याउपर या वीणेला हात लावील त्याने आधी मोल बोलावं. मोल आणि काम जुळलं नाही, तर त्याचं लाकूड होईल. शाप सुटलाच, तर मोल देणाऱ्याच्या तोंडून सुटेल." साक्षीला त्याने तुळईवर एक साळुंकी बसवली आणि तो निघून गेला.

नातू धवलकीर्ती गादीवर असताना वीणा पुन्हा बिघडली. एकेक कारागीर आला, मोल बोलला, कामाला लागला आणि लाकूड होऊन सभागृहात उभा राहिला. त्यातला शेवटचा सोमदत्त. त्याची धाकटी बहीण चंपावती, तीही त्याच हुन्नराची. भावाला सोडवायला ती राजापुढे आली. वाटेत तो दिसला, हातात पटाशी, डोळे उघडे, गालावर लाकडाच्या रेषा. 

"मोल बोल," राजा म्हणाला.

चंपावतीने वीणा पाहिली. खुंटी घसरत होती. तार जिथे टेकते ती घोडी झिजली होती. भोपळ्यावर बोट वाजवलं, तर बारीकशी चीर असावी असा आवाज आला.

"खुंटी, घोडी आणि चीर. नऊ मोहरा."

"नऊ. ऐकलं," साळुंकी म्हणाली.

खुंटीला लाकूड हवं होतं बोलक्या शिसवीचं. ती शिसवी नाव विचारते आणि खोटं सांगणाऱ्यावर कोसळते. चंपावतीने खरं नाव सांगितलं आणि फांदी घेतली. घोडीला शिंग हवं होतं, तेही सांबराने आपखुशीने दिलेलं. ती उभ्या नदीच्या काठी बसून राहिली. सांबर आलं आणि तिच्या ओटीत शिंग टाकून गेलं.

तिसरं काम चिरेचं. तिने भोपळा उघडला आणि तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. आतून भोपळा किडीने पोखरला होता, पार दांडीपर्यंत. वरून मात्र लाखेचा लेप होता आणि लेपावर अंगठा उमटला होता. डावा अंगठा. सोमदत्त डावखुरा होता.

म्हणजे दादाला हे दिसलं होतं. मोल बोलून बसल्यावर ते वाढवायचं कसं, राजा काय म्हणेल, या धास्तीने त्याने कीड झाकली होती. तिला त्याचा रागही आला आणि त्याची दयाही आली. कारण तिचाही हात लाखेकडेच गेला होता, आणि करंगळी लाकडासारखी ताठ होऊ लागली होती.

मग जास्तीचं काम फुकट करावं? तरी मोल आणि काम जुळणार नव्हतं.

ती उठली. "महाराज, माझं मोल चुकलं."



"नऊ बोललीस," साळुंकी म्हणाली.

"बोलले. उघडल्यावर चूक कळली. भोपळा नवा हवा, दांडी नवी हवी. वीस मोहरा पडतील."

राजाच्या कपाळावर आठी पडली. "वीस? पंधरात बसव."

तेवढ्याशा शब्दाने चंपावतीची पावलं लाकडाची झाली. लाकूड गुडघ्यापर्यंत चढलं, कमरेपर्यंत चढलं. तिला ओरडावंसं वाटत होतं, पण ती सावकाश बोलली.

"पंधरात करते, महाराज. फक्त कोणतं काम सोडू, ते आपण सांगा. भोपळा सोडू, की दांडी सोडू?"

 राजाने वीणेकडे पाहिलं, मग रांगेने उभ्या कारागिरांकडे पाहिलं. लाकूड तिच्या गळ्याशी आलं.

"काही सोडू नकोस," राजा म्हणाला. "वीस मोहरा. पुऱ्या."

"वीस. ऐकलं," साळुंकी म्हणाली आणि खिडकीतून उडून गेली.

चंपावतीच्या अंगावरचं लाकूड सालीसारखं गळून पडलं. कारागीर एकेक करून हलले, खोकले, डोळे चोळू लागले. मग सगळ्यांनी मिळून भोपळा बसवला, दांडी कोरली, तारा चढवल्या. वीणा वाजली आणि नदी निघाली. राजाने मोहरा स्वतःच्या हाताने मोजून दिल्या आणि दवंडी पिटवली, की वाद्य उघडून पाहिल्याखेरीज कोणी कारागिराला मोल विचारू नये.

सोमदत्त खांबाआड उभा होता. बहीण जवळ आली तेव्हा त्याने मान खाली घातली.

"चंपे, मला कीड दिसली होती."

"मग बोलायचं होतंस की रे, दादा!" असं म्हणून ती त्याच्या गळ्यात पडली आणि इतका वेळ आवरलेलं सगळं रडून मोकळी झाली.

असा शाप सुटला, राज्य मार्गी लागलं. ऐकणारेही मार्गी लागोत.