पाठ नसलेला नाच

एकदा एका जंक्शनच्या गावी एक वृद्ध नृत्यशिक्षिका राहत होत्या. त्यांचं नाव लांबलचक आणि गावाच्या जिभेला अवघड होतं, म्हणून सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. रेल्वे कॉलनीतल्या जुन्या हॉलमध्ये त्या जोडीचे नाच शिकवत. हॉलची जमीन सागवानी फळ्यांची होती. नाचाआधी पाय सहज सरकावेत म्हणून तिच्यावर मेणबत्तीचा चुरा पसरून तो पायांनी घासायचा, हे काम विद्यार्थ्यांचं असे, आणि त्यातून कुणालाही सुटका नसे.

जोडीच्या नाचात एक जण पुढाकार घेतो. त्याला तिथे 'लीड' म्हणत. दुसरा त्याच्या हाताचा, खांद्याचा इशारा ओळखून पाऊल टाकतो. त्याला 'फॉलो' म्हणत. पाहणाऱ्याला वाटतं, पहिला नाचतो आणि दुसरा त्याच्यामागून ओढला जातो. हा समज फार जुना आहे आणि तो नाचापुरता मर्यादित नाही.

बाईंच्या शिष्यांमध्ये हर्षदा भंगाळे ही सर्वोत्तम फॉलो होती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. वॉल्ट्झमध्ये, म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या गिरक्यांच्या नाचात, तिची पावलं अशी पडत, की बाकीच्या जोड्या बाजूला सरून पाहत उभ्या राहत. घरी मात्र तिची थट्टा होई. वडील म्हणत, "दुसऱ्याच्या तालावर नाचायचं, आणि त्याची वर फी भरायची!" भाऊ म्हणे, "घरात एकाचं ऐकत नाही. तिथे बरी मुकाट्यानं मागे मागे जाते." हर्षदाजवळ यावर उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसल्याचा तिला जास्त संताप येई.

ते उत्तर ती एका खुर्चीवर बसून देणार होती.

दर हिवाळ्यात हॉलचं संमेलन भरे. त्या संध्याकाळचा पहिला नाच एकाच जोडीचा असे. बाई निवडतील ती मुलगी हॉलच्या मधोमध वेताच्या खुर्चीवर बसे. पाहुण्यांपैकी जो आधी येऊन हात पुढे करील, त्याच्यासोबत उठायचं. नको असेल तर नाही म्हणायचं. हा अधिकार बाईंनीच तरुणपणी भांडून मिळवला होता. एकदा उठलं, की बँड जे वाजवील त्यावर हॉलची एक फेरी पुरी करायची. ती पुरी होईपर्यंत दुसरं कुणी त्या जमिनीवर पाय ठेवत नसे. फेरी मोडली, तर ते गाव विसरत नसे. एका मुलीची मागे मोडली होती. ती आता दोन मुलांची आई आहे, शाळेत मुख्याध्यापिका आहे, तरी लोक तिची ओळख करून देतात ती 'फेरी मोडलेली' म्हणूनच.

संमेलनाला महिना उरला, तेव्हा हर्षदा बाईंकडे गेली. "बाई, यंदा खुर्ची मला द्या."

बाई म्हणाल्या, "आजपासून इथला तुझा वॉल्ट्झ बंद. दर रविवारी जिल्ह्याच्या गावी टँगोचा वर्ग असतो. तिथे जा आणि नवशिक्यांच्या रांगेत उभी राहा."

"टँगो? आपल्या संमेलनात टँगो नसतोच."

"नसतो."

"मग कशाला जायचं?"

"जा," बाई म्हणाल्या आणि मेणबत्तीचा चुरा पाहायला वळल्या.

वडीलधाऱ्यांची ही एक खोडच असते. उत्तर खिशात असतं, पण ते हाताला लागू द्यायचं नाही.

टँगोचा वर्ग एका टायरच्या दुकानाच्या वर भरत असे. तिथे दर गाण्याला जोडीदार बदलायचा नियम होता. हर्षदाच्या वाट्याला पहिल्याच गाण्याला केळीचे एक व्यापारी आले. जाडजूड, बोटांत अंगठ्या, कपाळावर घाम. त्यांनी स्वतःच सांगितलं, "ताई, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. एकट्यानं चालायचा कंटाळा येतो, म्हणून इथं येतो."

गाणं सुरू झालं, आणि हर्षदाचं पाऊल निघालं.

"अहो, थांबा थांबा!" शेठ ओरडले. "मी अजून ठरवलंच नाही, आणि तुम्ही निघालात कुठं?"

रांग हसली. हर्षदाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. पुन्हा सुरुवात केली. या वेळी ती थांबली खरी. पण अंगात वॉल्ट्झ मुरलेला होता. शेठच्या हातानं काही म्हणण्याआधीच तिच्या टाचा उचलल्या गेल्या आणि शेठच्या बुटावर येऊन पडल्या.

"एस.टी. पकडायचीय का ताई?" शेठ कळवळत म्हणाले. "सांगा, तसं असेल तर सोडतो मी."

त्या संध्याकाळी ती हॉलवर परतली तेव्हा बाई गुडघ्याला शेक घेत बसल्या होत्या.

"जमलं?"

"नाही."

"छान. पुढच्या रविवारी परत जा."

ती गेली. पुन्हा चुकली. तिच्या नंतर आलेल्या, कधी पाऊलही न टाकलेल्या मुली पुढे सरकल्या आणि ही शेठच्या बुटांवरच राहिली. तिथले शिक्षक, एक तरुण मुलगा, भलेपणानं म्हणाले, "पहिल्यांदाच नाचताय ना? होईल हळूहळू." हे तिला बुटांपेक्षा जास्त लागलं.

मग ती बाईंसमोर उभी राहिली, ती भर वर्गात. तिचा वॉल्ट्झचा जोडीदार निनाद शेजारीच होता. बाकीचे जमीन घासत होते.

"बाई, मी या हॉलमधली सगळ्यांत चांगली फॉलो आहे. हे मी म्हणत नाही, तुम्ही म्हणता. आणि तुम्ही मला दर रविवारी हसं करून घ्यायला पाठवता. कारण विचारलं तर म्हणता, 'जा.' तुम्हा मोठ्या माणसांना सरळ बोलता येत नाही का? माझा माज उतरवायचा असेल तर तोंडावर सांगा."

"माज कशाला उतरवू? मला आवडतो तो," बाई म्हणाल्या.

"मग तुम्ही केलाय कधी टँगो?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"मग या ना! उभ्या राहा त्या रांगेत. दुसऱ्याला पाठवणं सोपं असतं."

मेण घासणारे पाय थांबले. निनाद फळ्यांकडे पाहू लागला. त्या हॉलमध्ये बाईंशी असं कुणी बोललं नव्हतं. बाईंनी शेकाची पिशवी गुडघ्यावरून काढली, बाजूला ठेवली आणि विचारलं, "किती वाजता असतो वर्ग?"

रविवारी बाई एस.टी.तून गेल्या. अंगात फुलाफुलांचा फ्रॉक, पायात कॅनव्हासचे बूट. टँगोच्या शिक्षकांनी त्यांना ओळखलं. ते वाकून पाया पडले, खुर्ची ओढली, "बाई, इथे बसा, आमच्या मुलांना दोन शब्द सांगा," म्हणाले.

"खुर्ची नको," बाई म्हणाल्या. "नवशिक्यांची रांग कुठली?"

आणि त्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यापुढे शेठ आले. शेठनी घाईघाईनं हात जोडले. "बाई, मला येत नाही हो काही."

"मलाही येत नाही. बरं झालं."

गाणं सुरू झालं. बाई हलल्या नाहीत. शेठही हलले नाहीत. मग शेठनी एक पाऊल टाकलं, ते घाबरटच होतं, आणि बाईंनी ते घाबरटपणासकट उचललं. दोन पावलं नीट गेली. तिसऱ्याला बाई चुकल्या, शेठवर आदळल्या, खळखळून हसल्या. पुन्हा उभ्या राहिल्या. अर्ध्यावर शेठ पुढचं सगळं विसरले आणि मध्येच थांबले. तेव्हा बाईही थांबल्या. एका पायावर सगळं वजन घेऊन, मान ताठ, डोळे मिटलेले. गाणं चालूच होतं. त्या दोघांचं थांबणं असं दिसत होतं, जणू गाण्याच्या त्या जागी थांबायचंच असतं. मग शेठना काहीतरी सुचलं, त्यांचा खांदा जरासा वळला, आणि त्या खांद्यासोबत बाई निघाल्या.

गाणं संपलं तेव्हा शेठनी घाम पुसला. "आज मला जमलं की हो!"

हर्षदा भिंतीला टेकून पाहत होती. तिला दिसलं, की शेठ आजही तसेच नाचले होते, जसे ते तिच्याबरोबर नाचत. फक्त आज त्यांच्याआधी कुणी निघालं नव्हतं.

परतीच्या एस.टी.त बाईंनी पाय समोरच्या बाकाखाली लांब केले आणि मग बोलल्या.

"हर्षदा, वॉल्ट्झमध्ये तू सुंदर नाचतेस. पण तू तिथे फॉलो करत नाहीस, तू आठवतेस. निनादचा हात हलायच्या आत पुढचं पाऊल तुला ठाऊक असतं. तो चुकला तरी तू बरोबर जागी जाऊन उभी राहतेस, आणि लोकांना वाटतं, काय जोडी आहे! त्यात निनाद कुठेच नसतो. अनोळखी नाचात आठवायला काही नसतं. तिथे समोरच्या माणसाचं ऐकावंच लागतं. आणि ऐकणं म्हणजे मान तुकवणं नव्हे. दिशा तो सांगतो. पण पाऊल माझं, वजन माझं, तोल माझा. तो डळमळला तरी मी पडत नाही. हे ज्याला येतं, तो कुणाच्या मागे नसतो. माणूस घाई न करता दुसऱ्याचं पुरतं ऐकून घेतो, आणि तरीही स्वतःच्या पायावर उभा असतो, याहून मोठी ताकद मी पाहिलेली नाही."

हर्षदा खिडकीकडे वळली. दोन्हीकडे केळीच्या बागा होत्या. ती म्हणाली, "हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं, तर तू तेही पाठ केलं असतंस."

हर्षदाला हसू आलं. पण तिनं ते पुरतं येऊ दिलं नाही. "आणि मी भांडले नसते, तर तुम्ही आला नसता."

"नसते आले," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं मी मुलांना पाठवतेय. 'तुम्हीही चला' असं कुणी म्हटलंच नाही. आज तिसऱ्या पावलाला आदळले ना, तेव्हा कळलं, माझंही सगळं पाठ झालं होतं." गुडघा चोळत त्या पुढे म्हणाल्या, "पुढच्या रविवारी जागा धर माझी. खिडकीची."

मोठ्या माणसांची भाषणं पुष्कळ असतात. दुखरा गुडघा घेऊन रांगेत उभं राहणं मात्र विरळा. हर्षदानं बाईंचं भाषण ऐकलं, ते त्यांनी आधी रांग धरली होती म्हणून.

संमेलनाच्या संध्याकाळी बाईंनी वेताच्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि हर्षदा जाऊन बसली. भिंतीलगत वडील होते, भाऊ होता, निनाद होता. बाईंनी शेठनाही आमंत्रण दिलं होतं, आणि शेठ येताना केळीचा आख्खा घड घेऊन आले होते.

सगळ्यांना वाटलं, निनाद पुढे येईल. तो निघालाही. पण त्याच्याआधी एक वृद्ध गृहस्थ खुर्चीपुढे पोचले. मालगाडीवर गार्ड होते, कधीच निवृत्त झालेले. डावा पाय त्यांना नीट टेकवता येत नसे. त्यांनी हात पुढे केला. भिंतीकडून कुजबुज उठली, "अरे, पोरीची फेरी मोडणार!"

हर्षदा नाही म्हणू शकत होती. ती उठली.

बँडनं जुनी, कुणाला नीट न ओळखता येणारी चाल धरली. गार्डकाकांचं पहिलं पाऊल लांब, दुसरं तोकडं, मग खांद्याला एक हेलकावा, मग थांबणं. असा नाच कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. हर्षदाच्या टाचांत वॉल्ट्झ उसळला. तिनं त्याला बसवलं. ती थांबली. काकांचा हात काय म्हणतो ते कळलं, तेव्हा निघाली. तोकड्या पावलाला तिनं तोकडं पाऊल दिलं. हेलकाव्याला ती आपल्या वजनानं अशी उभी राहिली, की काकांना टेकायला जागा झाली. पहिल्या कोपऱ्यावर काका अडखळले, तेव्हा भाऊ नकळत पुढे झुकला. जोडी थांबली. हर्षदाची मान ताठ होती. चेहऱ्यावर कसलीच घाई नव्हती. मग काकांचा खांदा वळला आणि दोघं कोपऱ्यातून बाहेर आली. पुढच्या कोपऱ्यावर काका मुद्दामच थांबले, कारण आता त्यांना ते आवडू लागलं होतं.

फेरी पुरी झाली. फळ्या हादरेपर्यंत टाळ्या वाजल्या. काकांनी हर्षदापुढे मान लववली. त्यांचे डोळे ओले होते.

वडील पुढे आले. थट्टा करायची सवय असलेल्या माणसाला कौतुकाचे शब्द चटकन सापडत नाहीत. त्यांनी विचारलं, "हा नाच कुठला गं? कधी पाहिला नाही."

"काकांचा," हर्षदा म्हणाली. "आणि माझा."

वडिलांनी मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिले.

पहिली फेरी झाली, आता जमीन सगळ्यांना मोकळी होती. बाई उठल्या, कॅनव्हासच्या बुटांची नाडी आवळली आणि केळीच्या घडाशेजारी अंग चोरून उभ्या असलेल्या व्यापाऱ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"काय शेठ, ठरलं का कुठं जायचं?"

"अजून नाही हो, बाई."

"मग थांबते," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या हातात हात देऊन ताठ उभ्या राहिल्या.