पिवळं मुंडासं

फार फार पूर्वी, जेव्हा ढग थकले की डोंगर उतरून गावात निजायला येत, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

एका राज्यात, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. वर्षातले चार महिने ते ढगात बुडालेलं असे. त्या दिवसांत माणसं एकमेकांना आवाजावरून ओळखत, गाईंना घंटेवरून, आणि आपलं घर चुलीच्या धुराच्या वासावरून.

त्या गावात म्हाळसा नावाची एक बाई आपल्या म्हाताऱ्या वडिलांबरोबर राहत होती. वडिलांचं नाव येसाजी. त्यांच्या घरात एक छापपेटी होती. सगळ्या राज्यात अशा पेट्या तीनच. राजाच्या कारागिरांनी त्या शिसवी लाकडाच्या घडवल्या होत्या. म्हाळसा कागदावर चित्र काढी, ते पेटीच्या काचेवर पालथं ठेवी आणि दांडा फिरवी. पेटीच्या पोटात तांब्याचं एक चपटं तोंड होतं. त्याला खसखशीच्या दाण्याहून बारीक अशी शेकडो भोकं होती. त्या भोकांतून शाई दवासारखी कागदावर उतरे, आणि बघता बघता अगदी तसंच दुसरं चित्र तयार होई.

शाया चारच होत्या. काळी, निळी, पिवळी आणि किरमिजी. पण त्या एकमेकींवर पडल्या की हवा तो रंग उमटे. निळीवर पिवळी पडली की पानं हिरवी होत. पिवळीवर किरमिजी पडली की जास्वंद लाल होई.

पेटी राखण्याचं काम येसाजींचं. रोज सकाळी, तोंड धुतल्यावर पहिलं काम हेच. बोटभर रुंदीचा कागद घ्यायचा, त्यावर चारही शायांची एकेक रेघ उमटवायची आणि कागद दारातल्या उजेडात धरायचा. रेघा अखंड दिसल्या की ते म्हणत, "चौघी बोलल्या." मग जुन्या धोतराच्या मऊ, ओलसर तुकड्यानं तांब्याचं तोंड हलकेच टिपायचं आणि ते ओल्या लोकरीच्या गादीवर टेकवून वरून झाकण लावायचं.

वर्षं गेली. येसाजींची आठवण हळूहळू विरत चालली. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग वार गेले, मग जेवलो की नाही तेही ध्यानात राहीना. पण सकाळच्या चार रेघा काही चुकल्या नाहीत. रेघा ओढताना ते म्हाळसेशी दोन शब्द बोलत. "आज निळी जरा लाजतेय गं," असं काहीतरी. मग हसत.

म्हाळसेला मात्र आता त्याचा कंटाळा यायला लागला. ढगांचे महिने सुरू झाले होते, गिऱ्हाईक नव्हतं. बाबा अर्धी सकाळ पेटीपाशी बसत, अंगरखा शाईनं माखून घेत.

एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, आता पुरे. काम नसताना शाई कशाला घालवायची? काम आलं की उघडू पेटी."

येसाजींनी कागदाचा तुकडा खाली ठेवला. थोडा वेळ ते आपल्या बोटांकडे बघत राहिले. "बरं," म्हणाले आणि उठून अंगणात जाऊन बसले.

म्हाळसेनं पेटी चुलीजवळच्या फळीवर सरकवली. गादी ओली करायची राहिली. झाकण नीट बसलं की नाही, तेही तिनं पाहिलं नाही. तीन महिने पेटीला कुणाचा हात लागला नाही. आणि त्या तीन महिन्यांत येसाजींचं बोलणंही कमी होत गेलं. सकाळी ती कामात असे, संध्याकाळी थकलेली असे. ते विचारत नव्हते, म्हणून ती सांगत नव्हती. घरात दोन माणसं होती, आणि ढग होता.

मग एका सकाळी म्हाळसा पाणी घेऊन आली, तर अंगण रिकामं होतं.

तिनं हाका मारल्या. ढगानं त्या गिळल्या. सगळा गाव गोळा झाला, ओढ्यापर्यंत शोधून आला. येसाजी कुठंच नव्हते.

शेजारी गोंदाजी राहत असे. खेचरांवर माल लादून तो दूरदूरच्या गावांना जाई. तो म्हणाला, "म्हाळसा, आपल्या गावात त्यांना सगळे ओळखतात. पण ते वाटेला लागले असले तर पुढची माणसं परकी. तू त्यांचं चित्र काढलंयस ना? त्याच्या नकला छापून दे. मी वाटेवरच्या माणसांच्या हाती देतो. ते पुढच्यांच्या हाती देतील."

म्हाळसेकडे चित्र होतं. गेल्या वर्षीच काढलेलं. पांढऱ्या मिशा, उजव्या भुवईवर जुना व्रण आणि डोक्यावर लाल मुंडासं. ते मुंडासं येसाजी झोपतानाही उशाशी ठेवत. त्या सकाळीही ते बांधूनच गेले होते.

तिनं चित्र काचेवर ठेवलं आणि दांडा फिरवला. पहिला कागद बाहेर आला, तो तिनं उजेडात धरला. चेहऱ्यावर पांढऱ्या आडव्या भेगा पडल्या होत्या. भुवईवरचा व्रण नेमका एका भेगेत गेला होता. आणि मुंडासं पिवळं उमटलं होतं, पिकल्या लिंबासारखं. किरमिजी शाईचा एक थेंबही उतरला नव्हता.

तिनं पुन्हा छापलं. पुन्हा तसंच.

"गोंदादादा, रंग चुकतोय," ती म्हणाली. "मुंडासं लाल आहे, पण वीस कागद हातानं रंगवत बसायला वेळ नाही. सगळ्यांना आठवणीनं सांगा."

"सांगतो," गोंदाजी म्हणाला. त्यानं वीस कागद खोगिरात खोचले आणि तो ढगात दिसेनासा झाला.

त्यानं सांगितलंही. ज्याला कागद दिला त्याला सांगितलं. त्यानं पुढच्याला सांगितलं. पण तोंडचा शब्द तिसऱ्या माणसापाशी विरला. कागद मात्र दहाव्यापर्यंत पोचला.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना गोंदाजी परत आला. खेचराचं तोंड फेसाळलं होतं.

"नदीच्या उतारावर नावाड्याची बायको भेटली," तो म्हणाला. "कालच एक म्हातारा तिच्या नावेतून पलीकडे गेला. डोक्यावर लाल मुंडासं होतं. तिच्या हातात आपला कागद होता, पोरी. तिनं कागदाकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. तिला वाटलं, हा तो नव्हे. आणि तिनं त्यांना पलीकडे सोडलं."

नदीपलीकडे गवताचं मोकळं पठार होतं. तिथं गाव नव्हतं. मेंढपाळांचे वाडे होते, एकमेकांपासून कोस कोस दूर. आणि पठारावर थंडी फार.

म्हाळसा उठली आणि पेटीला भिडली. तिनं दांडा दहा वेळा फिरवला, वीस वेळा फिरवला. काळी शाई भळाभळा आली, निळी तिच्यात मिसळली, पिवळीचा चिखल झाला. किरमिजी आलीच नाही. तेव्हा तिनं सुईच्या डबीतून बारीकातली बारीक सुई काढली आणि तांब्याच्या तोंडावर वाकली.

"सुई ठेव खाली."

दारात पुतळाबाई उभी होती. रानाच्या कडेला राहणारी ही म्हातारी. लाखेपासून, फुलांपासून, काजळीपासून शाया तीच करी. येसाजी हरवल्याचं कानावर आलं, तशी ती काठी टेकत आली होती.

"काकू, भोकं बुजलीत," म्हाळसा म्हणाली. "मोकळी करते."

"मोकळी नाही, फाटकी करशील. एक भोक फाटलं की ते जन्मभर वाकडंच थुंकेल. दांडाही फिरवू नकोस आता. सुकलेल्या जागी जोर लावला की आहे ती शाईही वाया जाते."

"मग करू काय?"

"पाणी उकळ. बोट बुडवता येईल इतकं निवू दे. आणि मऊ मलमल आण. धुऊन धुऊन जुनी झालेली. जिचा धागा सुटत नाही अशी."

म्हाळसेनं आणली. पुतळाबाईनं मलमलीची घडी केली, कोमट पाण्यात भिजवली, पिळली आणि परातीत पसरली. मग दोघींनी मिळून तांब्याचं तोंड पेटीतून अलगद सोडवलं आणि त्या ओल्या घडीवर टेकवून ठेवलं.

"आता?" म्हाळसेनं विचारलं.

"आता बसायचं."

"बसायचं? काकू, तिकडे माझे बाबा थंडीत आहेत!"

"ठाऊक आहे मला. घासू नकोस, दाबू नकोस. पाण्याला आत शिरायला जितका वेळ लागतो, तितका लागतोच."

दोघी बसल्या. दारातून ढग आत आला आणि परातीभोवती रेंगाळला. थोड्या वेळानं घडी उचलून पाहिली. मलमलीवर काळं फूल उमटलं होतं, त्याच्या शेजारी निळं, त्याच्या शेजारी पिवळं. चौथी जागा कोरी होती. पुतळाबाईनं घडी बदलली, पुन्हा कोमट पाणी घेतलं.

"तुझे बाबा रोज रेघा ओढायचे," ती म्हणाली. "का, ठाऊक आहे?"

"पेटी चालते का बघायला."

"नाही गं. पेटी चालती राहावी म्हणून. बघणं हे निमित्त. शाई वाहती असली की जिवंत. थांबली की आपल्याच अंगानं आपलं तोंड बंद करते. त्यात तिचा काय दोष?"

अंगणात एकट्या बसलेल्या बाबांची पाठ म्हाळसेच्या डोळ्यांपुढे आली. तीन महिन्यांत आपण त्यांना काय विचारलं, ते ती आठवू लागली. जेवलात का. आत या. एवढंच आठवलं.

तिसरी घडी झाली, चौथी झाली. पाचव्या घडीवर, अगदी कडेला, केसाएवढी गुलाबी रेघ दिसली.

"आली!" म्हाळसा ओरडली आणि पेटी जोडायला धावली. छापून पाहिलं. किरमिजी रेघ आली, पण तुटक तुटक, मुंग्यांच्या रांगेसारखी.

"पुन्हा छापते."

"लगेच नको. दमली असेल. तिला श्वास घेऊ दे, मग एकदाच छाप."

म्हाळसेनं हात मांडीवर ठेवले आणि ती थांबली. तिच्या आयुष्यातलं ते सगळ्यांत अवघड थांबणं होतं. मग तिनं दांडा फिरवला. रेघ सांधत आली. दोन तुटी राहिल्या होत्या. आणखी एक घडी, आणखी एक थांबणं, आणि मग किरमिजी रेघ कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग उमटली.

तिनं बाबांचं चित्र छापलं. चेहऱ्यावर एकही भेग नव्हती. भुवईवर व्रण होता. मुंडासं लालभडक होतं. म्हाळसेनं कागद छातीशी धरला, आणि त्याची शाई तिच्या चोळीला लागली.

फटफटताच ती गोंदाजीबरोबर निघाली. नदी ओलांडली. पठारावर ढग गवतात पाय पसरून पडला होता आणि त्याच्या आतून कुठूनतरी मेंढ्यांचे आवाज येत होते. पहिल्या वाड्यावर कुणी काही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या वाड्यावर एका धनगरणीनं कागद हातात घेतला आणि ती कागदाकडे बघतच राहिली.

"अगं, हे तर आमच्याकडं आहेत!" ती म्हणाली. "परवा आले. अंगात ताप होता. काल एक माणूस कागद घेऊन आला होता, पण त्यातला म्हातारा पिवळ्या मुंडाशाचा. मीच म्हटलं, आमचा पाहुणा तो नव्हे. त्याला तसाच परत धाडला." तिचे डोळे भरले. "कालच कळलं असतं गं बाई."

वाड्याच्या आत, नुकत्याच जन्मलेल्या कोकरांच्या उबेला, घोंगडी पांघरून येसाजी बसले होते. डाव्या पायाला पाला बांधला होता. त्या पायाची दोन बोटं थंडीनं काळी पडली होती, ती पुढं कधीच बरी झाली नाहीत.

"बाबा," म्हाळसा म्हणाली.

त्यांनी मान वर केली. तिच्याकडे निरखून पाहिलं. त्या बघण्यात ओळख नव्हती, पण माया होती.

"कुणाला शोधताय, बाई?"

म्हाळसेनं डोळे पुसले. "माझ्या बाबांना."

"हरवलेत?"

"हो. माझं लक्ष नव्हतं."

"असं होतं कधीकधी," येसाजी म्हणाले. त्यांनी भिंतीचा आधार घेतला आणि ते दुखऱ्या पायावर हळूहळू उभे राहिले. "रडू नका. सापडतील. चला, मीही येतो तुमच्याबरोबर शोधायला." आणि त्यांनी तिचा हात धरला.

गोंदाजीनं त्यांना खेचरावर बसवलं. नदीपर्यंतची सगळी वाट म्हाळसा त्यांच्याशी बोलत चालली. वाटेतल्या गवताबद्दल, कोकरांबद्दल, लहानपणी त्यांनी तिला खांद्यावर बसवून दाखवलेल्या जत्रेबद्दल. आधी ते नुसते ऐकत होते. मग एखादा हुंकार देऊ लागले. नाव पाण्याच्या मध्यावर पोचली तेव्हा ढग थोडा फाटला आणि ऊन खाली आलं. येसाजींनी तिच्या चोळीवरचा लाल डाग पाहिला, मग तिचा चेहरा पाहिला.

"म्हाळसे," ते म्हणाले, "थंडीची अशी घोंगडीवाचून कशाला आलीस?"

लहानांनो, मोठ्यांनो, एवढंच ध्यानात ठेवा: शाई असो की माया, रोज थोडी वाहती ठेवली तरच ती गरजेच्या दिवशी उमटते.