कागदव्यापाऱ्याची प्रस्तावना

एकदा एक कागदाचा व्यापारी साठी उलटल्यावर ग्रंथकार व्हायला निघाला. नगरातल्या लोकांना याची मोठी गंमत वाटली. ज्याच्या दुकानातून कवी, पंडित आणि भाऊबंदकीत भांडणारे सगळेच कागद घेऊन जात, त्याला स्वतःलाही एखादी ओळ लिहावीशी वाटत असेल, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. हलवाई स्वतः पेढे खात नसणार, असे आपण धरून चालतो, त्यातलाच हा प्रकार.

व्यापाऱ्याला मात्र ही इच्छा मिसरूड फुटल्यापासून होती. उत्तम खळ दिलेल्या, शंखाने घोटलेल्या कागदाचा एक गठ्ठा त्याने तरुणपणीच आपल्या भावी ग्रंथासाठी बाजूला काढून ठेवला होता. मग वडील गेले, दुकान गळ्यात पडले. बहिणींची लग्ने झाली, मुले झाली, आणि तो कागद फडताळात पिवळा पडत गेला. शेवटी दुकान मुलाच्या हवाली करून व्यापारी नदीकाठी राहणाऱ्या एका वृद्ध आचार्यांकडे गेला आणि त्यांच्या कोवळ्या शिष्यांच्या ओळीत मांडी घालून बसला. मांडी घालताना त्याचे गुडघे वाजत आणि शिष्य तोंड फिरवून हसत. त्याने त्याची पर्वा केली नाही. ग्रंथ लिहून पुरा झाला तेव्हा आचार्यांनी तो सबंध वाचला, आणि स्तुतीच्या बाबतीत एरवी हात आखडता असूनही ‘चांगला आहे’ म्हणाले.

त्या नगरात ग्रंथ लोकांपुढे येण्याची एक रीत होती. वसंत ऋतूत ग्रंथसभा भरे. पाण्याने भरलेल्या घंगाळात, बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी तरंगत सोडली जाई, लग्नघरी मुहूर्त साधायला सोडतात तशी. ती भरून बुडेपर्यंत ग्रंथकाराने आपला ग्रंथ स्वतःच्या मुखाने वाचायचा. वाटी बुडाली की वाक्य अर्धे असले तरी थांबायचे. मग सभा स्तब्ध राही. त्या स्तब्धतेत श्रोत्यांपैकी कोणीही ‘पुढे?’ असे विचारले, तर ग्रंथ नकलकारांच्या हाती जाई, त्याच्या प्रती होत आणि गावोगाव फिरत. कोणीच काही विचारले नाही, तर ग्रंथकाराने आपली पाने रुमालात बांधून घरी न्यायची. त्यावर ना चर्चा, ना तंटा.

आमचा व्यापारी ग्रंथ पुरा होताच या सभेत उभा राहिला. त्याने प्रस्तावनेपासून सुरुवात केली. प्रस्तावनेत काय होते, तर आपल्याला ग्रंथ लिहायला इतका उशीर का झाला, याचे साद्यंत निवेदन. वडिलांचे आजारपण आले, दुकानाचा व्याप आला, दुष्काळ आला. वाटी बुडाली तेव्हा धाकट्या बहिणीचे लग्न चालू होते. सभा स्तब्ध राहिली. कोणीतरी खोकले. पुढे काय झाले, हे कोणी विचारले नाही, कारण लग्न सुखरूप पार पडले असणार याविषयी कोणाला शंका नव्हती. व्यापाऱ्याने पाने बांधली आणि तो घरी गेला.

एवढ्यावर शहाणा माणूस प्रस्तावना कापून टाकील, असे आपल्याला वाटते. पण लाज वाटू लागली की शहाणपणा प्रथम घर सोडतो. व्यापाऱ्याने वर्षभर प्रस्तावना वाढवली. पहिल्या सभेत आपण का अयशस्वी झालो, याची कारणेही आता तिच्यात आली. त्यातच वैद्याने त्याचे डोळे पाहून सांगितले, की मोतीबिंदू उतरतो आहे, जे वाचायचे असेल ते यंदा वाचून घ्या. म्हणजे ही सभा गेली तर ग्रंथ कायमचा रुमालात राहणार होता. हे कळल्यापासून त्याला बसवेना. पाने काढायची, दोन ओळी खोडायच्या, चार नव्या लिहायच्या, उठून अंगणात फेऱ्या घालायच्या आणि पुन्हा येऊन पाने काढायची. मूळ ग्रंथाला मात्र त्याने वर्षभर हातदेखील लावला नाही.

त्याची पत्नी सगुणाबाई एकदा तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “अहो, वन्सांना आता नातवंडं झाली. तुम्ही अजून किती दिवस त्यांचं लग्न लावणार आहात?”

“तुला त्यातलं कळत नाही,” व्यापारी म्हणाला. “लोक विचारतील, हा म्हातारा आजवर काय करत होता? त्याचं उत्तर तयार नको?”

सभा तोंडावर आली तेव्हा प्रस्तावनेचा गठ्ठा काखेत मारून तो नदीकाठी गेला. आश्रमात ताटे मांडून झाली होती आणि पंगत बसायच्या बेतात होती. व्यापारी दारातूनच म्हणाला, “गुरुजी, नवा भाग ऐकता का? आता कोणाला बोलायला जागाच ठेवली नाही.”

“ऐकू. आधी जेवू,” आचार्य म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी स्वतः वाढले. आंबेमोहोर भात, वर पिवळेधमक वरण, तुपाची धार, बाजूला वांग्याची भाजी. वास असा दरवळला, की सकाळपासून अन्नाची आठवण नसलेल्या व्यापाऱ्यालाही भूक जाणवली. वाढून झाल्यावर यजमानाने ‘सावकाश होऊ द्या’ म्हणायचे आणि मग पहिला घास उचलायचा, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. सर्वजण त्या शब्दांची वाट पाहू लागले. आचार्य हात जोडून पंगतीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “मंडळी, आज जेवणाला अंमळ उशीर झाला. त्याचं असं झालं.”

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. लाकडे ओली निघाली. मोठे पातेले कल्हईला दिलेले होते, ते कल्हईवाल्याने वेळेवर दिले नाही, कारण त्याच्या घरी पाहुणे आले होते. मग शेजारच्या मठातून पातेले आणले, पण त्याला झाकण नव्हते. व्यापाऱ्याने प्रथम अदबीने मान डोलावली. मग तो भाताकडे पाहू लागला. भातावरची वाफ विरली, तूप थिजू लागले, वरणावर साय धरली. आचार्य कल्हईवाल्याच्या पाहुण्यांचे गाव कोणते ते सांगत होते. शिष्य एकमेकांकडे पाहू लागले. इतक्या वर्षांत आचार्यांनी जेवणापूर्वी एक वाक्यही जास्त उच्चारले नव्हते, आणि वयामुळे काही बिघडले की काय, अशी भीती एकदोघांना वाटली.

शेवटी व्यापाऱ्याचा धीर सुटला. “गुरुजी, झाला उशीर तर झाला. होऊ द्या म्हणा आता.”

“पण शेटजी, तुम्हाला कारण समजायला नको का?”

“कारण घेऊन काय करू? भूक लागलीये मला. आणि भात गार होतोय.”

आचार्य थांबले. ते व्यापाऱ्यासमोर येऊन खाली बसले, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “शेटजी, गेल्या वर्षी सभेतली माणसं मनातल्या मनात हेच म्हणत होती. भुकेला माणूस अन्न कधी शिजलं ते विचारत नाही, तो ताटात काय आहे ते बघतो. तुम्ही त्यांच्यासमोर ताट मांडलंत आणि ओल्या लाकडांची कहाणी सांगत बसलात. आणखी एक सांगतो. त्या प्रस्तावनेत तुम्ही दुकानाला शिव्या दिल्या आहेत. म्हणता, दुकानानं माझी वर्षं खाल्ली. आणि तुमच्या पहिल्या प्रकरणात ते दोन भाऊ आहेत, ते कुठे भेटले तुम्हाला? त्या दुकानाच्या पायरीवरच ना? मिसरूड फुटताना लिहायला बसला असतात तर हा ग्रंथ तुम्हाला लिहिताच आला नसता. जी वर्षं वाया गेली म्हणून तुम्ही रडता, तीच शिजवून तुम्ही पुढे वाढली आहेत. उशिराची लाज फक्त तुम्हाला आहे. ती लोकांना कशाला वाढता?”

मग ते उठले आणि म्हणाले, “सावकाश होऊ द्या.”

व्यापारी जेवला. भात गारच होता. हात धुताना त्याने विचारले, “पण गुरुजी, कोणी विचारलंच तर?”

“तर सांगा. जेवणं झाल्यावर गप्पा होतातच की.”

एवढे ऐकून त्याची तळमळ थांबली असती तर ही कथा इथेच संपली असती. पण माणसाला पटते एका क्षणात आणि वळते फार उशिरा. व्यापारी घरी आला, प्रस्तावना बाजूला ठेवली, थोड्या वेळाने परत घेतली, पुन्हा ठेवली. सभेच्या दिवशी निघताना त्याच्या एका हातात ग्रंथ होता आणि दुसऱ्या हातात प्रस्तावनेचा गठ्ठा. सगुणाबाईने दोन्ही हातांकडे पाहिले आणि त्याच्या खांद्यावरचे उपरणे नीट केले.

सभामंडप भरलेला होता. आचार्य एका खांबाला टेकून बसले होते. व्यापाऱ्याची पाळी आली तसे सभाप्रमुख मिश्कीलपणे म्हणाले, “या शेटजी. यंदाही प्रस्तावना असेलच.” काहीजण हसले. घंगाळात वाटी सुटली आणि तिच्यात पाणी चढू लागले.

व्यापाऱ्याचा हात सवयीने प्रस्तावनेकडे गेला. त्याने पहिले पान डोळ्यांजवळ धरले. ‘सुज्ञ वाचकहो, या विलंबाबद्दल क्षमा असावी.’ त्याने मान वर केली. समोर माणसे बसली होती. कोणी दूरच्या गावाहून चालत आलेला, कोणी काम टाकून आलेला, कोणी मांडीवर लेकरू झोपवून बसलेली. ती सगळी त्याच्याकडे पाहत होती, आणि ते पाहणे त्याच्या ओळखीचे होते. आश्रमाच्या पंगतीत तो स्वतः भाताकडे असाच पाहत होता. गेले वर्षभर त्याला या चेहऱ्यांवर फक्त आपला उशीर दिसला होता. त्यांना भूक असेल, हे त्याच्या मनातच आले नव्हते. त्याला स्वतःचा राग आला, आणि मग त्या माणसांविषयी अतिशय माया वाटली.

वाटी तोवर अर्धी भरली होती. व्यापाऱ्याने प्रस्तावना खाली ठेवली, ग्रंथाचा रुमाल सोडला आणि सभेला हात जोडून म्हटले, “सावकाश होऊ द्या.”

लोकांनी एकमेकांकडे पाहिले. खांबाजवळ बसलेल्या आचार्यांनी डोळे मिटून घेतले.

तो वाचू लागला. एकदा थोरला भाऊ दुकानात आला आणि धाकट्यावर फिर्याद लिहिण्यासाठी सर्वांत मोठा कागद मागू लागला. बांधावरच्या फणसावरून भांडण होते. दुकानदाराने कागद हातात घेऊन सांगितले, ‘आज माल ओला आहे, शाई फुटेल. उद्या या.’ माल कोरडा ठणठणीत होता. पण थोरला पायरीवर बसला, फणसाविषयी बोलला, मग तो फणस लावणाऱ्या बापाविषयी बोलला, आणि डोळे पुसून कागदाशिवाय घरी गेला. इथे व्यापाऱ्याच्या डोळ्यांपुढची अक्षरे एकमेकांत मिसळू लागली. त्याने पान खाली केले आणि तसाच सांगत राहिला. त्या पायरीवरचा प्रत्येक माणूस त्याला पाठ होता. “दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडतो तो काय, थोरल्याच्या आधी धाकटाच दारात उभा. मला म्हणाला, सर्वांत मोठा कागद…”

वाटी बुडाली. व्यापारी तिथेच थांबला.

मंडप स्तब्ध झाला. ही स्तब्धता त्याने एकदा ऐकली होती आणि तिची त्याला भीती वाटत होती. तो चाचपडत रुमाल शोधू लागला. कोणीतरी खोकले. रुमालाचे टोक त्याच्या हाती लागले, त्याने पाने एकत्र केली आणि पहिली गाठ मारायला घेतली.

“पुढे?” मागून एक जाडाभरडा आवाज आला. “दिलात का त्याला कागद?”

“अहो, थोरला आला का नाही परत?” लेकरू मांडीवर घेतलेल्या बाईने विचारले. मग बाजूचा कोणी बोलला, त्याच्या मागचा बोलला. सभाप्रमुखांनी हात वर केला आणि नकलकार पाने घ्यायला उठून आले. कोण विचारते आहे ते व्यापाऱ्याला दिसत नव्हते. डोळे आधीच अधू होते, आणि आता तर ते भरून आले होते.

त्याचे वय किती, हे त्या दिवशी कोणी विचारले नाही. नंतर पारावर बसल्या बसल्या एकाने सहज विचारले, की शेटजी, इतके दिवस का नाही लिहिलंत? व्यापाऱ्याने उत्तर द्यायला सुरुवात केली आणि बहिणींच्या लग्नांपाशी आल्यावर त्यालाच हसू आले.

प्रस्तावनेचे पुढे काय झाले, तेही सांगतो. तिच्या पानांच्या मागच्या बाजू कोऱ्या होत्या, आणि कागद फुकट घालवणे त्याच्या घराण्यात नव्हते. मुलगा दुकानात शाईच्या पुड्या त्या कागदात बांधून देऊ लागला. नगरात नवी शाई कालवणाऱ्या प्रत्येकाने त्या उशिराचा एखादा तुकडा वाचला असेल, आणि पुडी सोडून तो टाकून दिला असेल.

माझ्या ओळखीतली काही ताटे अशीच वाढून निवत पडली आहेत. त्या यजमानांना एवढेच सांगणे आहे, की पंगत केव्हाची बसलेली आहे.