उसने अभय

एका राज्यात गादीवर बसणारे दोघे होते, आणि त्या दोघांना मिळून बेट मात्र एकच होते. बेटाच्या मधोमध खाडी होती. खाडीच्या पूर्वेला उगवते राहत, पश्चिमेला मावळते. दोघांची बोली एक, पाऊस एक, मिठागरेही एकमेकांना लागून. वैर कशावरून, असे विचारले तर दोन्हीकडचे म्हातारे निरनिराळी कारणे सांगत, आणि ऐकताना दोन्ही खरी वाटत.

लढून लढून दोघे थकले, तेव्हा किनाऱ्याला एक होडी लागली. होडीत कर्पूरक नावाचा मायावी होता. तो म्हणाला, "भिऊन जगणे राजांना शोभत नाही. समुद्रापलीकडचे दोन सम्राट माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्याकडून अभय आणून देतो."

उगवत्यांच्या वज्रसेन राजाला त्याने उत्तरेच्या सम्राटाचा पाषाणपुरुष आणून दिला. तो पूर्वेच्या टेकडीवर पश्चिमेकडे तोंड करून बसला. मावळत्यांच्या कनकांगी राणीला त्याने दक्षिणेच्या सम्राटाचा अग्निसर्प आणून दिला. तो पश्चिमेच्या तळ्यात वेटोळे घालून बसला आणि तळ्याचे पाणी त्याच दिवशी आटले. करार सोपा होता. उगवत्यांपैकी कोणीही 'धावा' अशी हाक मारली, की पाषाणपुरुषाने उठून मावळत्यांना तुडवायचे. मावळत्यांपैकी कोणी मारली, की अग्निसर्पाने उठून उगवत्यांना जाळायचे. हाक कशासाठी आहे, हे रक्षकांनी विचारायचे नव्हते.

त्याच वर्षी उगवत्यांची एक बाई विहिरीत घसरली आणि तिने धावा केला. पाषाणपुरुष उठला. तो विहिरीवरून पुढे गेला, खाडी ओलांडली आणि मावळत्यांचे एक गाव तुडवून परत येऊन बसला. बाई विहिरीतच राहिली. तुडवलेल्या गावाने धावा केला, तेव्हा अग्निसर्प उठला आणि उगवत्यांची भातशेते जाळून गेला.

तेव्हापासून बेटावर मदतीला हाक मारणे बंद झाले. बाळंतिणी दातांत लाकूड धरून बाळंत होत. मुलांना बोलायला शिकवण्याआधी तोंड दाबून रडायला शिकवत. नावाडी मनगटाला तांबडे फडके बांधत, आणि बुडू लागले की हात वर करत. कोणी पाहिले तर वाचत. आणि कुठूनही हाक आलीच, तर उगवते घरांची दारे लावून घेत आणि मावळते डोंगरातल्या गुहांकडे पळत. हाक मारणाऱ्याकडे कोणी पळत नसे. याला बेटावर शहाणपण म्हणत.

दोन्ही रक्षकांच्या श्वासांनी खाडीवर धुके धरले, आणि पलीकडचा माणूस दिसेनासा झाला.

एवढ्यावर भागले असते, तर लोकांनी तसेही दिवस काढले असते. पण उसने अभय घेणाऱ्यावर एक शाप होता, आणि तो कर्पूरकाने सांगितला नव्हता. वज्रसेन राजाचे पाय दगडाचे होऊ लागले. आधी बोटे, मग पोटऱ्या, मग मांड्या. दगड काळजाला टेकला की राजा संपणार होता, आणि पूर्वेचा किनारा त्यावरच्या माणसांसकट उत्तरेच्या सम्राटाचा होणार होता. आता दगड बरगडीशी आला होता.

राजाला एकच मुलगी होती. तिचे नाव शाल्मली. ती रोज बापाच्या छातीवर हात ठेवून गरम कुठवर आहे ते पाही. एके सकाळी तिचा हात जेमतेम मावला.

"बाबा, हे अभय परत करता येत नाही का?"

"परत केले आणि मावळते चालून आले तर?" राजा म्हणाला. "मी एकटा मरतो आहे. तेवढ्यात भागले तर भागू दे."

"तेवढ्यात भागणार नाही, हे तुम्हांलाही ठाऊक आहे."

राजाने मान फिरवली. शाल्मली उठली आणि खाडीकडे चालू लागली. वाटेत उघड्या माळावर एक टिटवी अंड्यांवर बसली होती.

"हळू चाल, बये," टिटवी म्हणाली. "पाय ठेवतेस तिथे माझा संसार आहे."

"उघड्यावर अंडी घालतेस. तुला भीती वाटत नाही?"

"वाटते की. म्हणून तर दिवसभर ओरडते. या बेटावर ओरडायची सोय आता मलाच आहे. आणि लोक म्हणतात, आभाळ पडू नये म्हणून मी पाय वर करून झोपते. तसे काही नाही. पण मी नाही म्हणत नाही. आभाळ पडले नाही, की आपोआप माझे नाव होते. तुमच्या त्या दगडोबाचेही तसेच आहे."

शाल्मलीला हसू आले, आणि हसल्याचे तिचे तिलाच नवल वाटले. "कर्पूरक कुठे भेटेल?"

"धुक्याच्या कडेला होडी आहे. विचारशील ते नीट विचार. तो खोटे बोलत नाही, फक्त विचारल्याशिवाय बोलत नाही."

कर्पूरक होडीत बसून सुपारी कातरत होता. शाल्मलीने विचारले, "घेतलेले अभय परत करता येते का?"

"येते."

"हे तू आधी का सांगितले नाहीस?"

"घेणारे कधी विचारत नाहीत." त्याने सुपारी तोंडात टाकली. "तीन कामे आहेत. पाषाणपुरुषाच्या तळहातावर निळे रत्न आहे, ते काढून आण. ते ज्याच्याजवळ असेल, त्याला पाषाणपुरुष तुडवत नाही. हे पहिले. ते रत्न आपण होऊन कनकांगी राणीला नेऊन दे. हे दुसरे. मग भरतीच्या वेळी खाडीच्या मधोमध उभी राहा आणि धावा कर. तुझा रक्षक पाण्यापर्यंत येण्याआधी पलीकडचे माणूस तुझ्यापर्यंत आले, तर तुमचे अभय फिटले. त्यांचेही त्याच रीतीने फिटेल. इकडच्या माणसाने उत्तर द्यायला हवे, एवढेच."

"आणि कोणी आले नाही तर?"

"तर रक्षक आपले काम करतील."

शाल्मलीने विचारले, "राणीकडून येण्याचे वचन घेऊ का?"

"घेऊ नकोस. वचन मागितलेस, की तेही एक अभयच झाले. तेवढाच माझा धंदा वाढेल."

शाल्मली टेकडीच्या मागच्या बाजूने पाषाणपुरुषावर चढली. कमरेपाशी तिचा पाय निसटला आणि ती एका हातावर लोंबकळली. हाक गळ्याशी आली. तिने मनगट दातांत धरले, रक्त येईतो धरले, आणि दुसरा हात कपारीत घातला. खांद्यावर पोहोचली तेव्हा पाषाणपुरुष बोलला. त्याने मान वळवली नाही.

"मागे कोण आहे?"

"तू जिचे रक्षण करतोस ती."

"मागे कोणी आहे हे मला सांगितलेले नाही. समोर शत्रू आहे, एवढेच सांगितले आहे."

"मी तुझ्या हातातले रत्न न्यायला आले आहे."

"ने. माझे लक्ष समोर आहे."

तिने रत्न घेतले. ते बर्फासारखे थंड होते.

ओहोटी लागली तशी ती कमरेएवढ्या पाण्यातून, धुक्यातून पलीकडे गेली. मावळत्यांनी तिला काठावरच धरले आणि राणीपुढे उभे केले. कनकांगी उंच, सडसडीत, साठीची होती. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत राखेचे झाले होते. एक दासी तिला पेज भरवत होती. वाऱ्याची झुळूक आली, की बोटांतून थोडी राख उडे आणि दासी खिडकी लावून घेई.

राणीचा द्वारपाल भैरोजी म्हणाला, "राणीसाहेब, उगवत्यांची राजकन्या भेट घेऊन आली आहे. आता आपण हिला पाट मांडावा, की आधी गुहेत पळावे?"

"तू गप्प बस. मुली, काय आणलेस?"

शाल्मलीने रत्न पुढे ठेवले आणि सगळे सांगितले. काही लपवले नाही.

"म्हणजे हे माझ्याजवळ असले, तर तुमचा राक्षस मला तुडवणार नाही?"

"नाही."

"मग तू खाडीत उभी राहून बोंबललीस, तरी मी इथे सुखात बसेन."

"हो."

"तुला बांधून ठेवले तर?"

"तर माझे वडील जातील."

"त्याचे मला दुःख व्हावे?"

"होऊ नये," शाल्मली म्हणाली. "त्यांच्या रक्षकाने तुमचे गाव तुडवले. मला ते पुसता येत नाही."

भैरोजी पुटपुटला, "ही काहीच मागत नाही, राणीसाहेब. अशांची मला फार धास्ती वाटते."

राणीने दासीला खूण केली. दासीने रत्न उचलून राणीच्या पदराच्या टोकाला घट्ट गाठ मारून बांधले, कारण धरायला राणीला हात नव्हते.

"जा," कनकांगी म्हणाली. "मी येईन असे समजू नकोस. तुमच्या राक्षसाने तुडवली ती माझ्या बहिणीची घरे होती."

शाल्मली परत फिरली. खाडीच्या मधोमध खडकाचा एक उंचवटा होता, त्यावर ती उभी राहिली. भरती सुरू झाली. पाणी घोट्याला आले, गुडघ्याला आले. आपण हाक मारली तर निजलेली, जेवणारी, काही ठाऊक नसलेली माणसे मरतील. नाही मारली, तर आज बाबा, आणि त्यांच्यामागून सगळेच. तिने शब्द जुळवला आणि गिळला. असे किती वेळा केले, हे तिला नंतर आठवेना. पाणी छातीशी आले. खडकावरून पाय सुटला आणि तोंडात खारे पाणी गेले, तेव्हा मात्र विचार संपला आणि हाक आली.

"धावा! अहो कोणीतरी धावा!"

पूर्वेच्या किनाऱ्यावर धडाधड दारे लागली. पश्चिमेला माणसे गुहांकडे पळत सुटली. टेकडी हलली. पाषाणपुरुष उठून उभा राहिला आणि त्याचे पहिले पाऊल पडले, तसे खाडीचे पाणी थरारले.

कनकांगी आपल्या दारात उभी होती. पदराची गाठ तिच्या गुडघ्याशी लोंबत होती. तिला इतकेच करायचे होते, की काही करायचे नाही. दुसरे पाऊल पडले. हाक पुन्हा आली, अर्धी. उरलेली पाण्यात गेली.

"या पोरीला पोहता येत नाही," राणी म्हणाली.

"आपल्याला काय त्याचे, राणीसाहेब?" भैरोजी म्हणाला. त्याने वळून पाहिले, तर शेजारी राणी नव्हती. ती उताराने पळत होती, आणि तिच्या मागे राखेची रेघ उडत होती.

"आले गं! आले!"

ती पाण्यात शिरली. हातांची राख पाण्याला लागताच विरघळली. "हात नाहीत माझ्याजवळ," ती ओरडली. "पदर धर!" तिने मान झटकून पदर पाण्यावर फेकला. भिजलेले लुगडे हातातून सुटते, पण टोकाला रत्नाची गाठ होती. शाल्मलीच्या बोटांना ती गाठ लागली, आणि तिने ती मुठीत आवळली.

पाषाणपुरुष काठावर आला आणि त्याने पाय उचलला. खाली एकच पदर होता. एक टोक मावळत्या राणीच्या अंगावर, दुसरे उगवत्या मुलीच्या मुठीत, आणि मुठीत रत्न. कोणाला तुडवायचे ते त्याला कळेना. त्याचा पाय वरच राहिला.

पण दोघी बुडू लागल्या होत्या. भैरोजी काठावर गुडघ्यांवर कोसळला. त्याने जन्मात हाक मारली नव्हती. आता तो ऊर फुटेस्तोवर ओरडला, "धावा! माझी राणी बुडाली, धावा!"

तळ्यात अग्निसर्पाने फणा काढला. तो पूर्वेकडे झेपावला आणि वाटेतले गवत पेटत गेले.

पूर्वेच्या राजवाड्यात वज्रसेनाने ती हाक ऐकली. मावळत्याची हाक होती. त्याला चालता येत नव्हते. तो गादीवरून खाली पडला, कोपरांवर सरपटत काठापर्यंत आला, आणि धुक्याकडे पाहून त्याने सगळा श्वास त्या एका शब्दात घातला.

"आलो!"

राजाला मातीत सरपटताना पाहून पहिले दार कोणी उघडले, ते कोणी म्हणते कुंभाराने, कोणी म्हणते त्याच्या सासूने. मग दुसरे उघडले. होड्या पाण्यात लोटल्या गेल्या. पलीकडून गुहांतली माणसेही उतरली. सर्प खाडीवर आला, तेव्हा खाली दोन्हीकडचे हात एकाच पदराला लागलेले होते. तो वर घिरट्या घालत राहिला. जाळायला वेगळे असे कोणी सापडेना. त्याची आग विझत विझत गेली आणि एक काळा दोर पाण्यावर पडून बुडाला. पाषाणपुरुषाचा उचललेला पाय हळूच खाली आला, आणि तो तिथेच बसला. आता तिथे नुसता खडक आहे.

धुके विरले. राजाच्या पायांना मुंग्या आल्या आणि तो कळवळला. काठावर बसलेल्या कनकांगीने पदर पिळायला हात पुढे केले, आणि आपल्याला हात आहेत हे तिला पिळून झाल्यावर कळले.

गाद्या दोनच राहिल्या. भीतीही राहिली. मावळत्यांची होडी जवळ आली, की उगवत्यांचा हात काठीकडे जाई, आणि तिकडेही तसेच होते. कायदा एकच नवा झाला. हाक आली की जवळ असेल त्याने आधी जायचे. हाक कोणाची, ते नंतर विचारायचे.

पुढे एक मोठे गलबत आले. त्यातून उत्तरेच्या सम्राटाचा वकील उतरला. तो म्हणाला, "सम्राटांना तुमची काळजी आहे. याहून मोठा रक्षक पाठवायला ते तयार आहेत. शेजाऱ्याचा काय भरवसा?"

वज्रसेनाला मोह झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. शाल्मली शेजारी उभी होती, पण त्याने तिच्याकडे पाहिले नाही.

"आमच्यावर संकट आले," त्याने शेवटी विचारले, "तर सम्राटांना कधी कळते?"

"वारा अनुकूल असेल तर महिन्याभरात."

राजा उठला, खाडीच्या काठाशी गेला आणि तोंडाशी हात धरून ओरडला, "कनकांगी! ऐकू येते का?"

पलीकडून लगेच उत्तर आले, "ओरडता कशाला एवढे? ही काय, मासळी वाळवते आहे!"

वकिलाने गलबताकडे पाहिले आणि शिडे सोडायला सांगितली. उसन्या अभयाची ही गोष्ट त्या बेटावर भिणारे लोक भिणाऱ्यांना सांगतात, आणि सांगताना दार उघडे ठेवतात.