करुण रसाची जागा

राजकवी विद्यानिधींचं गाणं चोरलं, असा साळूवर आळ आला. शिपायांनी तिला भर दुपारी जात्यावरून उठवलं आणि थेट दरबारात उभं केलं.

गाणं साळूचंच होतं. लेक सासरी गेली त्या आठवड्यात, लोकांची दळणं दळता दळता तिनं ते रचलं होतं. कविराज रोज तिच्या खिडकीखाली घुटमळत, ते काय उगाच? पण आता त्यांच्याजवळ राजाचा ताम्रपट होता. हे गाणं कविराजांचं, दुसऱ्या कुणी गायलं तर त्याला नगराबाहेर काढावं.

राजा धवलसेन महाहट्टी. "गाणं तुझं असेल तर आत्ता सिद्ध कर," तो म्हणाला. "पण त्यातला एक शब्दही तोंडातून काढायचा नाही. मनाई म्हणजे मनाई!"

कविराज मिशीतल्या मिशीत हसले. लेक माहेरपणाला येईल आणि दाराला कुलूप बघून परत जाईल, एवढंच साळूला दिसत होतं. पण बोलली ती ठसक्यात.

"म्या कशाला गाऊ, महाराज? कविराज गातील. मला फकस्त जातं आन् टोपलीभर जवारी द्या."

जातं आलं. साळू पाय पसरून बसली. कविराजांनी सूर लावला. दोन ओळी झाल्या की ते डोळे मिटून थांबत आणि सारा दरबार हळहळे. ते थांबले की साळू जात्यात मूठभर ज्वारी टाकी, गाऊ लागले की खुंटा फिरवी. पीठ कसं एकसारखं पडत होतं.

राजा पुढे सरकला. "आता न थांबता गा."

कविराज गायले. साळूला मूठ भरायला उसंतच मिळेना. रिकामं जातं असं खरखरलं की प्रधानांनी कानांवर हात ठेवले.

"कविराज, थांबायच्या जागा कशासाठी ठेवल्यात?" राजानं विचारलं.

"करुण रसासाठी, महाराज. तिसऱ्या कडव्यात तर मी अर्ध्या ओळीवरच कितीतरी वेळ थांबतो. तिथे दुःख शब्दांत मावतच नाही."

साळूनं हाताचं पीठ झटकलं. "तितं दुख न्हवतं, महाराज. त्या दिशी शेळीनं टोपलीत तोंड घातलं. मी उठून तिला हाकलून आले, आन् मग ऱ्हायलेली ओळ म्हणली."

राजा इतका हसला की त्याला मुकुट सावरावा लागला. ताम्रपट साळूच्या नावे झाला, वर सोन्याच्या पाटल्या मिळाल्या. टोपलीतली उरलेली ज्वारी दळायला राजानं कविराजांना बसवलं. गाणं मात्र साळूला विचारून म्हणायचं होतं, आणि ती काही हो म्हणेना.